माघारी सर

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं असेल तर ते माघारी सरांचं. घोटीच्या शाळेत ते भूगोल शिकवत. खरं नाव वेगळं होतं; पण तरुणपणी हिमालयातल्या एका मोहिमेत, शिखर समोर दिसत असताना ते एकटेच परतले. बाकीचे वर जाऊन सुखरूप आले, नाशिकला त्यांचे हारतुरे झाले. सरांना हे नाव मिळालं.

बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी विचारायचंच, "काय सर, बाजारापर्यंत पोचणार का मधूनच माघारी?"

"भाव बघून ठरवतो," म्हणत सर पिशवी सावरत पुढं जात. त्या दिवशी पायाखालचा बर्फ भरवशाचा वाटला नाही, एवढंच ते वर्गात सांगत. आपलंच बरोबर होतं, असं कधी म्हणाले नाहीत.

आम्हांला कळसूबाईला नेलं तेव्हा शेवटच्या शिडीपाशी वारा सुटला. सरांनी सगळ्यांना खाली वळवलं. मी रडायला लागलो. ते म्हणाले, "बाळा, चढायला पाय पुरतात. परतायला लोकांचं हसणं झेलावं लागतं."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सरांनीच भाताच्या बांधावर बसून वडिलांना समजावलं. पदवीनंतर बर्फाचं शिक्षण घ्यायला हिमाचलात निघालो, तेव्हा वडील म्हणाले, लय लांब हे. सर म्हणाले, पत्र जातंय तिथवर.

आता मी तिथंच पाहुण्यांना स्कीवरून उतरायला आडवाटेच्या डोंगरांवर नेतो. वसंतात रात्री बर्फ गोठून घट्ट होतो. ऊन चढलं की तो आतून भिजतो आणि अख्खा उतार घसरून खाली येऊ शकतो. म्हणून सकाळीच उतरून मोकळं व्हायचं.

सरांना फोनवर नीट ऐकू येत नसे. ते गेले त्याच्या आधीच्या चैत्रात मी त्यांना हे पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

तीर्थस्वरूप सरांस साष्टांग नमस्कार.

आज पाहुणे फोटो काढत रेंगाळले. उताराच्या माथ्यावर पोचलो तोवर ऊन चढलं होतं, बूट घोट्यापर्यंत रुतत होता. मी सगळ्यांना आल्या वाटेनं परत नेलं. उतार काही घसरला नाही. संध्याकाळी जेवणाच्या खोलीतून तो तसाच शांत दिसत होता, आणि पाहुणे मला तो दाखवून हसत होते. लॉजचे मालक म्हणाले, पुढच्या हंगामाच्या कामाचं नंतर कळवतो.

उद्या नवी मंडळी आहेत. उद्याही बूट रुतला तर मी परतेन. पण सर, इथं मराठीत बोलायला कुणी नाही. मोहिमेवरून एकटे आलात, तेव्हा तुम्ही कुणाशी बोललात, तेवढं कळवा.