पेटीसरांचा तास

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र एक पेटी शिकवत असे. ही थट्टा नाही. टेबलावर राखाडी रंगाचा टेपरेकॉर्डर असे, त्यावर दोन रिळं गरगर फिरत आणि त्यातून पुण्याकडच्या एका प्राध्यापकाचा आवाज येई. हे प्राध्यापक आमच्याकडे एकच वर्ष टिकले. उन्हाळा आणि खाणावळीची तिखट आमटी त्यांना सोसली नाही. जाण्यापूर्वी संस्थेने त्यांना रिकाम्या वर्गात बसवलं आणि वर्षभराचे तास रिळांवर भरून घेतले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आणायचा फारसा प्रयत्नही झाला नाही, कारण पेटी होती.

पेटी आली त्या दिवशी संस्थेच्या चिटणीसांनी आमच्यापुढे भाषण केलं. राज्य अजून नवंच आहे, कॉलेज नवं आहे, मग शिकवणंही नवं हवं, असं ते म्हणाले. परदेशात आता विचार करणारी यंत्रं निघाली आहेत, आपण विचारलं की ती उत्तर देतात, असं त्यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं. "हे आपलं यंत्र नुसतं बोलतं. उद्याचं उत्तरं देईल. आणि कोणतंच यंत्र रजा मागत नाही!" यावर ते स्वतःच मोठ्याने हसले. प्राचार्यही हसले.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी माझा मामा गावोगाव पत्रकं वाटायचा. उरलेले गठ्ठे आमच्या घरी पडून असत आणि मी त्यांवरच वाचायला शिकलो. 'जाब विचारा' हे शब्द मला 'कमळ बघ'च्या आधी वाचता येत होते. त्यामुळे चिटणीस हसत होते तेव्हाच माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं: ज्याला जाब विचारता येत नाही तो शिक्षक नव्हे.

तास असा चाले. शिपाईकाका दारात ओरडत, "बसा रे भो, पेटीसर येई ऱ्हायनात!" मग हजेरी घेऊन ते बटण दाबत आणि बाहेर बिडी ओढायला जात. विजेचा दाब उतरला की पेटीसरांचा आवाज म्हशीसारखा घोगरा होई. वनसंपत्तीच्या धड्यात तर एक गंमतच होती. रीळ भरत असताना वर्गात वारा शिरला असावा. जमिनीची धूप समजावता समजावता सर मध्येच म्हणतात, "दरवाजा लावून घ्या रे कोणीतरी, धूळ आत येतेय." आणि लगेच पुढे चालू. ते वाक्य आलं आणि वर्गात एकच गलका झाला.

"ऊठ ना भो, दार लाव. सरले धूळ लागी ऱ्हायनी!"

"पेटीले सर्दी व्हई जाई ना भो!"

कोणीतरी उठून खरोखरच दार लावलं. टाळ्या पडल्या. आमच्या वर्षातला सगळ्यात आनंदाचा तास तोच होता.

त्या तासाला एकजण गैरहजर होता. तो पावरा, सातपुड्यातला आदिवासी. धडगावच्याही वर, जिथे गाडीरस्ता संपतो तिथून पुढे चालत जायचं, अशा पाड्यावरचा. घाटात दरड आल्यामुळे तो कॉलेजात उशिरा पोचला. वसतिगृहात माझ्याच खोलीत त्याला जागा मिळाली. घरी त्याची भाषा पावरी. मराठी त्याला शाळेत भेटलेली, तीही अर्धीमुर्धी. पहिल्याच दिवशी इतिहासाच्या सरांनी त्याला उभं केलं आणि तो म्हणाला, "माझा आई आजारी होती." वर्ग खो खो हसला. सरही हसले. हसणारे निम्म्याहून जास्त घरी अहिराणीत 'मन्हा-तुन्हा' करणारे आणि कॉलेजच्या पायरीवर 'शे'चं 'आहे' करणारे. मी त्यांतलाच, ब्राह्मणपुरीजवळच्या खेड्यातला. पण आमची चूक झाली तर ती खेड्यातली म्हणून खपे. त्याची चूक डोंगरातली म्हणून खपत नसे.

तेव्हापासून त्याने वर्गात तोंड उघडणं बंद केलं. आणि शिपाईकाकांशी दोस्ती केली. संध्याकाळी वर्ग झाडून झाले की काका त्याच्यासाठी पेटी लावून देत. रिकाम्या वर्गात तो एकटा पेटीसमोर बसे, वाक्य ऐके, थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके, आणि तसंच्या तसं म्हणे. काही आठवड्यांत तो पेटीसारखा बोलू लागला. खाणावळीत तो वाढप्याला म्हणाला, "थोडक्यात सांगायचे तर, मला आणखी एक भाकर हवी." वाढपी भाकरीची टोपली हातात घेऊन बघतच राहिला.

"डोंगऱ्या, तुन्हा बाप पेटीमा शे का रे?" एकाने विचारलं.

"अर्थात नाही," तो म्हणाला. पुन्हा हशा.

मी त्याच काळात पेटीविरुद्ध पत्रक लिहीत होतो. 'आम्हाला माणूस हवा!' असं वर मोठं शीर्षक. सह्या गोळा करायला सुरुवात त्याच्यापासून केली. त्याने कागद वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत. मग कागद घडी करून माझ्याकडे परत दिला.

"पेटी बंद करू नकोस भाऊ."

"अरे, ती तुला काही विचारू देत नाही. तुझं चुकलं तर सांगत नाही."

"हसत पण नाही," तो म्हणाला.

पण तत्त्व तत्त्व असतं. मी बाकीच्या सह्या घेतल्या आणि पत्रक प्राचार्यांच्या दारावर चिकटवलं. ते दुपारपर्यंत टिकलं.

त्याच्या शिकण्यामागे काय होतं ते मला एका रविवारी कळलं. त्याचा बाप त्याला भेटायला आला होता. डोंगरातून चालत, खांद्यावर मक्याचं गाठोडं. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. बाप बोले, मुलगा मला मराठीत सांगे, तेही पेटीच्या मराठीत. पाड्यावरचे लोक डोंगरउतारावर जी वाहतात ती जमीन जंगलखात्याची आहे, असं कचेरी म्हणते. रखवालदार येतात, नांगर नेतात. धडगावच्या कचेरीत जाऊन बोलायचं तर बोलणार कोण? साहेबाला पावरी येत नाही, पाड्याला साहेबाची भाषा येत नाही. मध्ये जो कोणी बाजारातला माणूस दुभाषा म्हणून उभा राहतो, तो काय सांगतो कोण जाणे. म्हणून सगळ्या पाड्याने बसून ठरवलं होतं की आपल्यातला एक मुलगा वरपर्यंत शिकेल. कचेरीत उभा राहून बोलेल. साहेब त्याला 'बस' म्हणेल. त्यासाठी परीक्षा पास व्हायची होती. दुसरं काही नाही.

फेब्रुवारीत कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. तिच्यात पास होणाऱ्यालाच विद्यापीठाच्या परीक्षेला पाठवत. अर्थशास्त्राचे पेपर तपासायला पेटीला हात नव्हते, म्हणून ते इतिहासाच्या सरांकडे गेले. प्रश्न आला: वनसंपत्तीचे महत्त्व सांगा. आम्ही सगळ्यांनी बाजारातल्या गाईडमधलं उत्तर पाठ केलं होतं. गाईडात 'इमारती लाकूड'च्या जागी 'इमारती लोकूड' छापलं होतं आणि वर्गातल्या बहुतेकांनी 'लोकूड' लिहिलं. त्याबद्दल कोणाला काही विचारलं गेलं नाही.

त्याने लिहिलं होतं पेटीचं. अक्षर अन् अक्षर. आणि मध्ये, धुपीच्या परिच्छेदात: 'दरवाजा लावून घ्या रे कोणीतरी, धूळ आत येतेय.'

इतिहासाच्या सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. मला आठवतं, बाक बडवले जात होते. एकजण दार लावायला धावला. पेपर ज्याचा होता तो मान खाली घालून नव्हता बसला. तो आमच्याकडे बघत होता, हे सगळे कशाला हसताहेत ते शोधत.

खोलीवर त्याचा परत मिळालेला पेपर हातात घेऊन मी म्हणालो, "अरे, ते सर कोणाला तरी सांगत होते. धडा नव्हता तो."

तो म्हणाला, "मला धूप कळत नव्हती. आमच्याकडे धूप देवाला दाखवतात. हिंदीत धूप म्हणजे ऊन. जमिनीची धूप म्हणजे काय? पेटीसर सांगतात, जंगल तुटते, माती सुटते, जमिनीची धूप होते. आणि मग म्हणतात, दरवाजा लावा, धूळ आत येते. तेव्हा मला कळलं. जंगल नाही तर माती उडते. उडून घरात येते. दरवाजा लावावा लागतो. ते एकच वाक्य मला सगळं कळलं."

माझी नजर त्याच उत्तरातल्या पुढच्या ओळीवर गेली. 'डोंगरातील लोक अज्ञानामुळे जंगल जाळून शेती करतात व राष्ट्राच्या संपत्तीचा नाश करतात.' त्याच्याच सुबक अक्षरात.

"हेही तू लिहिलंस? स्वतःच्या बापाबद्दल?"

"परीक्षेत पेटीसर काय सांगतात ते विचारलं होतं," तो म्हणाला. "माझा बाप काय सांगतो ते विचारलं नव्हतं."

त्याला कॉपीच्या आरोपाखाली बोलावण्यात आलं. इतकं तंतोतंत कोणाला पाठ असूच शकत नाही, त्याने कुठूनतरी लिहून आणलं असणार, असा सरांचा दावा. वर्गप्रतिनिधी म्हणून मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. टेबलामागे प्राचार्य, इतिहासाचे सर आणि ते चिटणीस. पेटी बाजूच्याच कपाटावर होती, कापड घातलेली.

प्राचार्यांनी त्याला उत्तर म्हणायला सांगितलं. त्याने म्हटलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. जिथे विजेचा दाब उतरून रीळ मंद झालं होतं तिथे त्याचाही आवाज ओढला गेला. चिटणीसांनी रुमाल तोंडाला लावला.

"हा चोर नाही सर," मी उठून म्हणालो, "हा तुमच्या पेटीचा एकमेव विद्यार्थी आहे!"

"खाली बस. नाहीतर बाहेर जा."

मी बसलो. प्राचार्य त्याच्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ केला त्यांनी. "पाठ आहे ते ठीक. पण समजलंय का? हेच आता तुझ्या स्वतःच्या शब्दांत सांग. सांगितलंस तर विषय मिटला."

तो उभा राहिला. त्याने विचारलं, "माझ्या म्हणजे कोणत्या, सर?"

"डोकं चालवतोस काय आमच्यापुढे?" चिटणीस म्हणाले. "स्वतःचे शब्द म्हणजे स्वतःचे!"

मग त्याने स्वतःचे शब्द काढले. पावरीत. इतके महिने मी त्याच्यासोबत एका खोलीत राहिलो होतो, पण त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पेटीचा ओढलेला सूर गेला, 'थोडक्यात सांगायचे तर' गेलं. हात उतार दाखवत होते, पाणी दाखवत होते, नांगर उचलून नेणारे दाखवत होते. तो न अडखळता बोलत होता. मला त्यातले दोनच शब्द कळले, जंगल आणि साहेब. टेबलामागच्या तिघांना तेवढेही कळले की नाही, सांगता येत नाही.

"बस," प्राचार्य म्हणाले.

ते म्हणाले खरं 'बस'. पण थांबण्याचं.

त्याला विषय स्वतःच्या शब्दांत मांडता आला नाही, सबब या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेस पाठवू नये, असा निर्णय झाला. त्याच बैठकीत पेटीचा वापर बंद करायचंही ठरलं, कारण तिच्यामुळे मुलं घोकंपट्टी करतात. माझी मागणी अशी मान्य झाली. पेटी कपाटात गेली. तिच्या जागी माणूस मात्र आणला नाही. आम्ही लोकूडवाले सगळे परीक्षेला बसलो आणि बहुतेक पास झालो.

तो लगेच निघाला. पुढच्या वर्षी ये, मी पत्रक काढतो, मोर्चा काढतो, असं मी रस्ताभर बोलत होतो. नाक्यावर धडगावकडे रिकामा जाणारा ट्रक उभा होता. पुढच्या वर्षी पाड्याकडे त्याला पाठवण्याजोगं काही उरणार नाही, आणि नांगर नेला तर बापाला हात लागतील, असं तो म्हणाला. पेटीच्या मराठीत नाही. अडखळत, लिंग-वचन चुकत.

"तिथे काय बोललास रे तू?" मी विचारलं.

"तेच. पेटीसर सांगतात तेच. जंगल तुटते, माती सुटते." तो थांबला. "कोण तोडते, तेवढं वेगळं सांगितलं."

"आणि धूप? धुपीला तुमच्यात काय म्हणतात?"

त्याने शब्द सांगितला. मी म्हणून पाहिला. त्याने मान हलवून पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हटला आणि तो हसला. मोठ्याने, पोट धरून, आमचा वर्ग हसायचा तसा. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तो मागच्या बाजूने वर चढला, फळीला धरून उभा राहिला, आणि तिथूनही एकदा तो शब्द ओरडून सांगितला.

मी तो कागदावर लिहून पाहिला आहे. आपल्या अक्षरांत तो नीट बसत नाही. मोठ्याने म्हणतो, तेव्हा कुठेतरी चुकतो हे मला कळतं. कुठे चुकतो ते सांगायला आमच्या कॉलेजात कोणी नाही.