उजवीकडून उघडणारं पुस्तक

मागच्या दिवाळीला लेक आली होती. जेवताना ती नवऱ्याला हसत हसत सांगत होती, "आमचे मोठे आप्पा लई थापा मारायचे. जपानी पुस्तक उलटं धरून मला वाचून दाखवायचे." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग हातातला घास तसाच राहिला.

मोठे आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ. मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते थापा मारत नव्हते आणि पुस्तकही उलटं धरत नव्हते. उलटं ते मी केलं. घरात हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वडवणीला माझं वह्या-पुस्तकांचं आणि बाइंडिंगचं दुकान होतं. शाळांची हजेरीपुस्तकं, कचेरीतली फाटकी रजिस्टरं मी बांधून द्यायचो. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. निजामाच्या काळात ते चार इयत्ता उर्दूत शिकले. माझं शाळेत नाव घालायच्या आत निजाम गेला आणि मला मराठी शाळा मिळाली. एवढ्याशा फरकावर अण्णांनी जन्मभर मान मिळवला. जमिनीचे जुने उर्दू कागद घेऊन माणसं थेट मांजरसुंब्याहून यायची. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत बसून अण्णा ते वाचून दाखवायचे आणि मी चहा सांगायचो. वहिनी गेल्यावर ते आमच्याकडेच राहायला आले, तेव्हापासून हे रोजचंच झालं.

लेक आम्हाला फार उशिरा झाली. शाळा सुटली की ती सरळ दुकानात यायची, पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळायची, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चित्रं काढायची. तेवढं एक सुख निव्वळ माझं होतं.

गावात केबल आली आणि लेकीला एका जपानी कार्टूनचं वेड लागलं. त्यातली मुलं रानोमाळ हिंडून अजब प्राणी पकडतात, चेंडूत कोंडतात आणि त्यांच्या झुंजी लावतात. माझा मेव्हणा पुण्याच्या कारखान्यात होता. नव्या मशिनी शिकायला कंपनीनं त्याला जपानला धाडलं. येताना त्यानं भाचीसाठी त्याच प्राण्यांचं चित्रकथेचं पुस्तक आणलं. जाडजूड, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं, अक्षर न् अक्षर जपानी.

मी ते हातात घेतलं, मागंपुढं पाहिलं आणि जाणकाराच्या थाटात म्हणालो, बाइंडरनं उलटं बांधलंय, पहिलं पान शेवटी गेलंय.

अण्णांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उजवीकडून उघडलं. "उलटं न्हाई बे," ते म्हणाले. "आमच्या उर्दूच्या पुस्तकावानी हाय. इतकी पुस्तकं बांधली, अन् तुला तोंड कुठलं न् पाठ कुठली ते कळंना?"

मेव्हणा हसला. लेकही हसली. ती हसली ते मला लागलं.

त्या दिवसापासून ती शाळेतून आली की अण्णांपाशी बसू लागली. जपानी एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण चौकटी कुठून कुठं जातात ते त्यांना कळत होतं. चित्रं पाहून ते गोष्ट लावायचे. प्राण्यांना नावंही त्यांनीच ठेवली. एक झोपाळू प्राणी होता, तो पेंगुळराव. शेपटीला जाळ असलेला तो टेंभ्या. कोण कशापायी रुसलं, कोण कुणाला सोडून गेलं, सगळं ते अशा सुरात सांगायचे की दुकानात वही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक थांबून ऐकायचं. मी मागं बसून दाभणानं भोकं पाडत असायचो. खळ वाळून जायची, पण ती ढवळायला कुणी येत नसे.

एकदा कुणाचे तरी कागद वाचायला अण्णा बीडला गेले. लेक शाळेत होती. भर दुपारी मी ते पुस्तक काढलं, पाठीचा डिंक लागलेला भाग मशीनवर बोटभर कापून टाकला, सुटी पानं त्याच क्रमानं, पण डावीकडून शिवली आणि वर निळं रेक्झिन चढवलं. इतकी देखणी बांधणी मी कुणाला करून दिली नव्हती. मी चुकून केलं नाही. अण्णा बरोबर आहेत हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच केलं.

पुस्तकाच्या मध्यावर दोन पानं मिळून एक मोठं चित्र होतं, आग ओकणाऱ्या राक्षसाचं. आता त्याच्या दोन अर्ध्यांची अदलाबदल झाली होती. मान बाहेरच्या कडेला तुटली होती आणि तो आपल्याच शेपटीवर आग ओकत होता.

लेकीला सांगितलं, छापखान्याची चूक होती, मी दुरुस्त केली. अण्णा परतल्यावर तिनं ते कौतुकानं त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी नेमकं तेच चित्र उघडलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून खळ ढवळत राहिलो. आता सगळ्यांसमक्ष माझे वाभाडे निघणार म्हणून कान तापले होते.

"तुझा बाप बांधणारा हाय, बाई," ते लेकीला म्हणाले. "पुस्तक कुठून उघडायचं ते त्यालाच ठावं. मी आपलं अंदाजानं सांगत होतो."

"म्हंजी पेंगुळराव खोटा?"

"हां, खोटाच की."

ती पुस्तक घेऊन माझ्याकडं आली. मी पहिलं पान उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. चार दिवसांत ते पुस्तक फळीवर गेलं. अण्णांकडंही ती पुन्हा गोष्ट मागायला गेली नाही. काही महिन्यांनी ते नांदूरघाटला बहिणीकडं राहायला गेले. हवापालट म्हणून, असं ते म्हणाले. तिथंच वारले. त्यांच्या तोंडून ही गोष्ट कधी निघाली नाही, आणि मी ती काढू दिली नाही.

परवा मी ते पुस्तक फळीवरून उतरवलं आणि टाके उसवले. या वयात त्याला दोन दिवस लागले. पानं पुन्हा उजवीकडून लावली. राक्षसाची मान आता धडासमोर आली आहे, पण जुळत नाही. मधली बोटभर पट्टी त्याच दुपारी कातरणाच्या पोत्यात गेली. पुस्तक तसंच, न शिवता, दोऱ्यानं बांधून लेकीकडं पाठवतो आहे, आणि सोबत हे कागद. बाई, तुझे मोठे आप्पा बरोबर वाचत होते. पेंगुळराव खरा होता.