आधीच सांगणारे साहेब

"मुंदे चेप्तुन्ना," म्हणजे आधीच सांगून ठेवतो, असं म्हणून ते खिशातलं पेन काढत, टोपण उघडत, आणि काहीच न लिहिता पुन्हा बंद करत. मग बोलायला लागत.

आमच्या नगरपालिकेचे हे कमिशनर. तुम्हीही साहेब लोक पाहिले असतील. गाडीची काच अर्धी खाली करून बोलणारे. हे तसे नव्हते. दर महिन्याला, कौन्सिलची बैठक व्हायच्या आधी, आमच्या मोहल्ल्यात मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर यायचे. पायातल्या चपला खाली काढायचे आणि येत्या बैठकीत कोणकोणते विषय आहेत ते वाचून दाखवायचे. नाली कुठून जाणार, नळ कोणत्या गल्लीला येणार, कोणत्या गल्लीला येणार नाही. त्यांच्या आधीच्या साहेबांनी फार तर ऑटोवर भोंगा लावून पाठवला होता.

ते दक्षिणेकडचे, पक्के तेलुगू. आमचं गाव सीमेवरचं, सरकारी कारभार सगळा तेलुगूत; मोहल्ला मात्र मराठी, भाजी पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांचा. बेला, तामसी या आसपासच्या गावांकडची भाजीही आमच्याच बाजारात उतरायची. माझं झेरॉक्सचं छोटं दुकान ओट्याला लागूनच. मोहल्ल्यात तेलुगू शाळेत शिकलेला मी एकटाच. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि मी दुभाषी झालो. ते एक वाक्य बोलत, मी त्याचं मराठी करत असे. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा. लोक साहेबांकडे बघायचे, पण कान माझ्याकडे असायचे.

त्यांना मराठी शिकायची हौस होती. एक छोटी वही होती, तीत तेलुगू अक्षरांत मराठी शब्द लिहिलेले. एकदा मोकाट कुत्री पकडायला गाडी येणार होती. तेवढं मात्र स्वतःच मराठीत सांगतो म्हणाले. उभे राहून, सगळ्यांकडे बघत, मोठ्याने म्हणाले, "कुत्र्यांनो! उद्या गाडी येते!"

ओटा हसून हसून लोळला. काय झालं ते मी सांगितल्यावर सगळ्यांत जास्त तेच हसले, आणि चूक वहीत उतरवून घेतली.

गिरजाबाई बाजारात भाजी घेऊन बसायची. साठीची, तोंडाने फटकळ. एका सकाळी साहेब बाजारातून चालले होते, तर ती म्हणाली, "साहेब, सांबार घेऊन जा जी." साहेबांना वाटलं, म्हातारीने घरून सांबार करून आणलं आहे. पोटावर हात ठेवून म्हणाले, "जेवण झालं, अम्मा." तिने कोथिंबिरीची जुडी नाकासमोर धरली तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले. "कोत्तिमीरा!" ते म्हणाले. "आमी तेच म्हनून राह्यलो," गिरजाबाई म्हणाली.

पण लोकांना ते आवडायचेच असं नाही. ते वाईट बातमीही त्याच सुरात सांगायचे. "हा मानूस चांगलं काई घेऊनच येत नाई," असं लोक म्हणायचे. न सांगणारा साहेब बरा, असंही काहींना वाटायचं.

मग एका महिन्यात साहेबांचा ओट्यावर यायचा दिवस जवळ आला. त्याच्या आदल्या दिवशी वार्डाचे मेंबर माझ्या दुकानात येऊन बसले. भाजीबाजार गावाबाहेर हायवेजवळ न्यायचा आणि जुन्या जागेवर गाळे बांधायचे, असा विषय बैठकीत येणार होता. मेंबर म्हणाले, "उद्या तो साहेब सांगनच. तू लोकायले उगाच भेवाडू नको. गाळे झाले का एक तुझ्यासाठी पाहू. ह्या खोपटात किती दिवस बसशीन?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीपेक्षा सावकाश बोलले. तेलुगूत त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. बाजार हलवायचा विषय आहे. तुम्हाला नको असेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. प्रत्येकाने वेगळी. मी हे थांबवू शकत नाही, तुम्ही थांबवू शकता. बोलून ते माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "बाजाराबद्दल काई विचार चालू हाय. अजून पक्कं नाई. घाबरासारकं काई नाई."

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "एवढंच?" त्यांनी तेलुगूत विचारलं.

"मराठीत थोडक्यात होतं, सार," मी म्हणालो.

चौदाव्या दिवशी ते एकटेच माझ्या दुकानाशी आले. झेरॉक्स काढायला कागदही बरोबर नव्हता. "एकही हरकत आली नाही," ते म्हणाले. "का?"

अजून एक दिवस हातात होता. समोरच बाजार भरला होता. मी नुसती हाक मारली असती तरी पन्नास माणसं कागद घेऊन धावली असती. लिहून द्यायला मी होतोच.

"लोकांना पटलं असेल, सार," मी म्हणालो.

"पटलं असेल तर ठीक," ते म्हणाले. तरी जरा वेळ तिथेच बाजाराकडे बघत उभे राहिले. मग गेले.

बैठकीत विषय मंजूर झाला. काही दिवसांनी सकाळी ट्रॅक्टर आले, नगरपालिकेची माणसं आली. पाट्या, टोपल्या, वर बांधलेली पालं उचलून ट्रॉलीत टाकायला लागले. साहेब स्वतः हजर होते. दुसरा कोणी घरी बसला असता. गिरजाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला.

"साहेब, सारं सांगत होते न तुमी! मंग हे काऊन नाई सांगतलं? आमी काय वाईट केलं तुमचं?"

तेवढं मराठी त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातून त्या दिवशीचा घडी केलेला कागद काढला. उघडला. मग मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी मागे, विजेच्या खांबाजवळ उभा होतो. किती वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं ते सांगता येणार नाही. त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. ते एक वाक्य बोलले असते तर लोकांनी मला तिथेच तुडवलं असतं.

त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि गिरजाबाईला म्हणाले, "चूक माझा आहे, अम्मा. तुमचा भाषा मला आला पाहिजे होता."

त्या वाक्यात एक शब्द धड नव्हता. कोणी हसलं नाही. गिरजाबाई त्यांच्या पायाशी थुंकली.

लोकांनी वर तक्रार करायची ठरवली. कमिशनरने आम्हाला अंधारात ठेवलं म्हणून. तक्रार तेलुगूत लिहायला हवी होती आणि तेलुगू लिहिता येणारा त्यांचा माणूस मी. गिरजाबाईच सगळ्यांना घेऊन माझ्याकडे आली. "लिव्ह बापा," ती म्हणाली. मी लिहिली. लोकांनी सांगितलेला प्रत्येक शब्द लिहिला, एकही गाळला नाही. खाली अंगठे उमटले, सह्या झाल्या. माझी सही घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

साहेबांची बदली झाली. कुठे, ते कोणी नीट सांगितलं नाही. त्यांना भेटायचं म्हणून मी नगरपालिकेत गेलो होतो. काय बोलणार होतो, ते मला आजही ठाऊक नाही. चपराशी म्हणाला, "ते तं सोमवारीच गेले." खोलीत दुसरे साहेब बसले होते. ते आमच्या ओट्यावर कधी आले नाहीत. बैठका होतात. काय ठरलं ते ठरल्यावर कळतं.

गाळे झाले. एक मला मिळाला. पंखा आहे, शटर आहे, नवीन मशीन आहे. हायवेजवळच्या बाजारात गिऱ्हाईक जात नाही. निम्म्या बाया आता बसतच नाहीत, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात. गिरजाबाईही जाते.

परवा ती पेन्शनचे कागद झेरॉक्स करायला आली. उन्हाने काळवंडली होती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती जुन्या जागेवरच्या ह्या गाळ्याकडे, पंख्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्या साहेबाचं वाटोळं होवो. गोड बोलून गळा कापला मेल्यानं."

मी कागद मशीनवर ठेवला.

"तू तरी आमच्या बाजूनं उभा राह्यला, बापा," ती म्हणाली. "कागद लिहून देल्ला. देव तुले सुखी ठेवो."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून उभा राहिलो.