चौथी बाजू

डॉक्टरांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला आणि बाकावरच्या सगळ्या रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात तो वाचायला सुरुवात केली.

"'सविनय निवेदन की, अर्जदाराच्या उजव्या नेत्राची दृष्टी समूळ नष्ट झाली असून प्रकाशाचा लवलेशही जाणवत नाही.' ऐकलंत? लवलेश! शिक्षण किती रे तुझं?"

"आठवी."

"पास?"

कंपाउंडर हसला. बाकावरचेही दोघेतिघे हसले. त्यांतल्या एकाचा वारसनोंदीचा अर्ज मीच लिहून दिलेला होता.

पेणच्या तहसील कचेरीबाहेर वीस वर्षं मी अर्ज लिहीत आहे. घर अष्टमी गावात, सकाळच्या गाडीनं पेणला यायचं, टेबल मांडायचं. लोक मला अहो-जाहो करतात. नवा कारकून अडला तर मसुदा विचारायला माझ्याकडे येतो. त्या दवाखान्यात मात्र मी 'रे' होतो.

त्या तपासणीच्या आठवडाभर आधी कागदांचा जाड गठ्ठा शिवताना दाभण अडकलं. गठ्ठा छातीशी धरून मी ते जोरानं ओढलं. ते सुटलं आणि सरळ उजव्या डोळ्यात घुसलं. त्याच दिवशी ह्याच डॉक्टरांनी बुबुळाला टाके घातले. पण आत रक्त साचलं होतं, भिंग पांढरं पडलं होतं. त्यामुळे डोळ्याच्या आतला मागचा पडदा डॉक्टरांना दिसत नव्हता. तो जिवंत आहे की मेला, हे कळायला पहिली वाट साधी असते. चांगला डोळा झाकायचा, खोलीत अंधार करायचा, चारी बाजूंनी बत्ती धरायची आणि उजेड कुठून येतो ते रुग्णाला विचारायचं. पडदा मेलेला निघाला तर असा डोळा काढून टाकतात, कारण तो ठेवल्यास कधीकधी चांगला डोळाही त्याच्यामागून जातो. हे सारं मला नंतर समजलं. त्या दिवशी मला फक्त अर्ज लिहिणं येत होतं.

आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. दुखणं वाढवून लिहायचं. थोडं गळत असेल तर 'छप्पर पूर्णतः कोसळले', थोडं लंगडत असेल तर 'चालण्यास सर्वस्वी असमर्थ'. खरं तेवढंच लिहिलं तर साहेबाची नजर कागदावर थांबत नाही, असं माझ्या गुरूनं मला शिकवलं होतं. तोंडी बोलण्याला किंमत नसते, हेही त्यानंच शिकवलं होतं. म्हणून तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांसाठीही अर्ज लिहून नेला. मला आधी आत घेतील, नीट बघतील, एवढीच अपेक्षा होती.

डॉक्टरांनी नीट बघितलं. कागदाकडे. डोळ्यावरची पट्टी त्यांनी सोडलीसुद्धा नाही.

"तूच लिहून दिलंयस, उजेड दिसत नाही म्हणून. मग तपासायचं काय? डोळा काढू या. संमतीचा कागद भरून घ्या ह्याचा."

माझी बायको मागे उभी होती. ती पुढे झाली. "सायब, ह्यांना उजेड कलतो. परवा औषध घालताना ह्यांनी चांगला डोला हातानं दाबून धरला व्हता. मी खिडकी उघडली, तं लगेच म्हनाले, खिडकी उघडलीस काय गो?"

हे खरं होतं. तळहाताआड मी चोरून स्वतःची परीक्षा घेतली होती, आणि काळोखाच्या कडेला राखाडी उजाडलं होतं. ते ठाऊक असूनही मी 'लवलेशही नाही' असं लिहिलं होतं. सवयीनं.

"दिसतं साहेब, थोडं दिसतं," मी म्हणालो.

"खोटं तेव्हा लिहिलंस की आता बोलतोयस?"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. गाडीच्या वाटेवरच्या कासूची एक बाई, मिठागरात काम करणारी, पाय अधू झाल्यावर माझ्याकडे मदतीचा अर्ज लिहून घ्यायला आली होती. ती म्हणाली होती, "लिवा ना, हिरीपरत जातंय म्हून. भरलेला हंडा घेवन परत येववत नाय." मी म्हणालो होतो, "गप गो. अर्ज कसा लिहायचा ते तू मला शिकवणार?" आणि 'चालण्यास सर्वस्वी असमर्थ' असं झोकात लिहिलं होतं. ती स्वतःच्या पायांनी साहेबाच्या टेबलापर्यंत गेली, आणि साहेबानं तिला हेच विचारून अर्ज फेटाळला. बाहेर येऊन तिनं ते वाक्य माझ्यासमोर उच्चारलं आणि ती निघून गेली. मी पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

आता मला कुणाच्या मागे लपायला जागा नव्हती.

कंपाउंडरनं शाईचा पॅड सरकवला. "सही येते का अंगठा?"

वीस वर्षं हजारोंच्या अंगठ्यांखाली मी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहीत आलो. तो पॅड मी परत सरकवला.

"सही येते," मी म्हणालो. "ह्या कागदावर करणार नाही."

"मग?"

"माझा अर्ज द्या."

मी तो डॉक्टरांच्या हातून घेतला. प्रकाशाबद्दलचं वाक्य एका रेघेनं खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं: उजेड दिसतो, किती ते माहीत नाही, तपासावे. खाडाखोडीशेजारी सही केली. त्याशिवाय दुरुस्ती ग्राह्य धरत नाहीत.

"आधीचं वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. आता बत्ती मारा. तोवर मी इथून उठणार नाही, आणि डोळाही देणार नाही."

कुणी हसलं नाही. डॉक्टर लाल झाले. पण बाकावरचे सगळे बघत होते. डॉक्टरांनी दिवे घालवायला सांगितले, पट्टी सोडली आणि बायकोला बजावलं, "डावा डोळा घट्ट दाब. फट राहता कामा नये."

तिच्या तळहाताला खारवलेल्या मासळीचा वास होता.

"कुठून?"

"वरून."

"आता?"

"खालून."

"आता?"

"उजवीकडून."

"आता?"

काळोख होता. निव्वळ काळोख. तीन बाजू झाल्यावर चौथी कुठली, हे सांगायला डोळा लागत नाही. 'डावीकडून' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो बोललो असतो तर डोळा वाचल्यासारखं वाटलं असतं, आणि मी पुन्हा माझ्या टेबलावर बसून तसंच खोटं लिहीत राहिलो असतो.

"दिसत नाही," मी म्हणालो.

डॉक्टर थांबले. त्यांनी क्रम बदलून पुन्हा चारी बाजू तपासल्या. उत्तरं तीच आली. मग ते खूप वेळ लिहीत राहिले. पडद्याचा मोठा भाग काम करतो आहे, एका बाजूला तो सुटला असावा, डोळ्याच्या आतली सोनोग्राफी करावी, मोठ्या रुग्णालयात पाठवावं. डोळा काढण्याचा कागद त्यांनी फाडला. क्षमा मागितली नाही. "पुढचा," एवढंच म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. त्या डोळ्याला हात हलताना दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. डावीकडचा काळोख तसाच आहे आणि तसाच राहणार आहे, असं मला स्पष्ट सांगितलं गेलं.

टेबलावर बसायला लागण्याआधी मी कासूला उतरलो. त्या बाईच्या दारात उभा राहिलो. तिनं मला आत बोलावलं नाही.

"आता काय लिवायचं रायलंय?" ती म्हणाली.

"तू सांगशील ते."

ती बोलली, मी लिहिलं: 'विहिरीपर्यंत जाते. भरलेला हंडा घेऊन परत येता येत नाही.' मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली, तेव्हाच सही घेतली.

साहेब ह्या अर्जाला हसेल. हसू दे. मी तिच्याबरोबर आत जाणार आहे. त्यानं तिच्या हातात भरलेला हंडा देऊन बघावं, चालवून बघावं, मग लिहावं. न तपासता त्यानं एक अक्षर लिहिलं, तर त्याच्या टेबलासमोरून ती हटणार नाही आणि मीही हटणार नाही.