नत्थूलालच्या कानाचं पार्सल

नत्थूलाल बिसेन ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. सडक अर्जुनीच्या बाजारात वांगं घेतलं तरी आधी मोडून आत पाहायचा. गाव हसायचं त्याला, पण त्याचंही अगदीच चुकत नव्हतं बरं का. चार वर्षांपूर्वी कोण्या भामट्यानं त्याच्या आधारच्या झेरॉक्सवर सिमकार्ड काढलं आणि पोलीस याच्या दारात आले. तेव्हापासून आधार पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला!

दिवाळीनंतर धानाची मळणी चालू असताना त्याच्या कानातलं ऐकायचं मशीन पडलं आणि तणसाच्या पेंढ्यांबरोबर कुठं गेलं ते देवालाच ठाऊक. बायको वारलेली. मुलगा धनेंद्र ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस नागपूर-रायपूर. घरात म्हातारा आणि सून योगेश्वरी, दोघंच. धनेंद्रनं मोबाइलवरून बापाच्या नावानं परदेशातलं नवं मशीन मागवलं आणि बापाला कागदावर लिहून दाखवलं, 'वीस दिवसांत येते.'

विसाचे चाळीस झाले, चाळिसाचे साठ. मोबाइलवर एकच ओळ, पार्सल दिल्लीत आहे. "दिल्लीत काय राज्य करून राहिलं काय ते?" म्हातारा ओरडायचा. बहिऱ्याला स्वतःचा आवाज कुठला कळायला!

आधी संशय गेला विकणाऱ्यावर. डबा रिकामाच पाठवला असेल. मग गेला टपाल आणणाऱ्या शामकलावर. ती स्कूटीवरून पाच गावं करायची, वाटेत कुणाला विकलं असलं तर? त्यात तिनं एक दिवस चिठ्ठी आणली. पार्सल कस्टममध्ये थांबलंय, ज्याच्या नावाचं आहे त्याच्या आधारची प्रत पाठवा. योगेश्वरीनं ते मोठ्या अक्षरांत लिहून सासऱ्यापुढे धरलं.

नत्थूलाल उसळलाच. "मशीन माह्या कानाचं, आधार कायले मांगून राहिले? चोर हायेत सारे!" चिठ्ठीचे चार तुकडे केले. आता प्रत जात नाही तोवर पार्सल हलणार नाही, पण हे त्याला सांगायचं कुणी आणि कसं?

त्या दिवसापासून तो दारातच खाट टाकून बसू लागला. कान गेले तरी डोळे शाबूत होते. आणि डोळ्यांना जे दिसलं त्यानं त्याची झोप उडाली. शामकला फाटकाशी आली की सून धावत जायची, दोघी डोक्याला डोकं लावून बोलायच्या. एकदा तर सुनेनं पदराआडून घडी घातलेला कागद तिच्या हातात सरकवला. त्याहून वाईट म्हणजे, योगेश्वरी दुपारी त्याच्या खाटेजवळ तांदूळ निवडायला बसायची आणि तिचे ओठ हलत राहायचे. तासतासभर! मध्येच डोळे पुसायची, त्याच्याकडे पाहायची, पुन्हा सुरू. शिव्याच देत असणार, दुसरं काय? बहिऱ्या सासऱ्याला त्याच्याच तोंडावर! मशीन यायला हिलाच नको आहे, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

आणि एका सकाळी शामकलानं पार्सल आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. नत्थूलालनं डबा हलवून पाहिला, चिकटपट्टी तपासली, मग विळ्यानं फाडला. मशीन होतं. पण गडी पक्का. आत जाऊन मशीन कानात घातलं, वरून दुपट्टा गुंडाळला आणि चेहरा तसाच ठोंब्यासारखा ठेवून परत खाटेवर येऊन बसला. आज चोर पकडायचेच!

मशीन अजून डब्यातच असेल असं धरून फाटकाशी दोघी बोलत होत्या.

"सांगू नको वो बाई," योगेश्वरी म्हणत होती. "रेशन दुकानात त्याईच्या आधारची झेरॉक्स होती, तेच तुले देल्ली. माहीत झालं तं घर डोक्यावर घेतीन."

म्हणजे संशय खरा होता! नत्थूलाल ताडकन उठणार, तोच शामकला हसली. "आता तं खुश ना? बुढा ऐकते आता."

"खुश तं हाव वो." योगेश्वरी फाटकाला टेकली. "पन आता मी बोलू कोनासंग? हे पंधरा पंधरा दिवस घरी नाही राहत. मायले सांगावं तं ते रडते. मामाजीले ऐकू येत नव्हतं ना, तं रोज त्याईच्याजवळ बसून मनातलं सारं बोलून टाकत होती. लेकरू पोटातच गेलं, ते बी. कोनी समोर बसून हाय, एवढंच लागते ना मानसाले."

लेकराचं नत्थूलालला ठाऊकच नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं, रोज दुपारी? तो खाली मान घालून बसून राहिला. लाजेनं त्याला सुनेकडे पाहवेना.

दुपारी योगेश्वरी सुपात तांदूळ घेऊन आली. सासऱ्याचा दुपट्टा खांद्यावर उतरला होता, कानातलं मशीन दिसत होतं. ती ओठ मिटून निवडू लागली. नत्थूलालनं मशीन काढलं, तिच्यादेखत डब्यात ठेवलं आणि डबा उशाखाली सरकवला.

"कान दुखून राहिला, बहू," तो मोठ्यानं म्हणाला. "दुपारचं नाही घालत मी हे."

तिनं एकदा उशीकडे पाहिलं आणि सूप पुढ्यात ओढलं. मग तिचे ओठ हळूहळू हलू लागले, आणि नत्थूलाल तिच्यासमोर बसून राहिला.