लिंपलेली कणगी

‘बियाण्याचा एक दाणाही बाहेर देऊ नका!’ आमच्या संघटनेच्या पत्रकातलं हे वाक्य माझं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही. जनुकं बदललेलं बियाणं कापसातून आत शिरलंच होतं. आता कंपन्यांनी सुरगाण्याच्या डोंगरात आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं भात फुकट न्यायचं, त्यात फेरफार करायचे, वर मालकी सांगून त्यांनाच विकायचं. याला चोरी नाही तर काय म्हणायचं?

मी ज्या मावशींकडे मुक्कामाला असायचो, त्यांच्याकडे लाल भाताचं बी होतं. गावात तेवढंच उरलेलं. ऐन उन्हाळ्यात एका बियाणे कंपनीची जीप त्यांच्याच दारात थांबली. दोन साहेब उतरले आणि मूठभर नमुना मागू लागले.

“सरळ नाही म्हणा,” मी मावशींच्या कानाशी लागलो.

“मागत्याला बी नाय म्हटलं तर कणसरी रुसते.” कणसरी ही त्यांची धान्याची देवी.

मावशींनी साहेबांना पाणी दिलं, कोपऱ्यातली शेणानं लिंपून बंद केलेली कणगी दाखवली. “ही पेरणीच्या दिवशीच फोडायची. तेव्हा या. आमच्यासंगं पेरा, मग मूठ न्या. पीक आलं का मूठ परत आणून घाला. समद्यांना तसंच हाय.”

“आम्हाला आजच हवं होतं, मावशी.”

“का, आज लगीन हाय का भाताचं?” शेजारीण म्हणाली. ओटीवरच्या बाया हसल्या. जीप गेली.

पेरणीला ती आली नाही. मी गेलो, कारण नाशिकच्या आमच्या प्रदर्शनात ठेवायला मलाही ते बी हवं होतं.

“तुझ्या कागदात तर दाणा देऊ नका लिहिलंय,” मावशी म्हणाल्या. पत्रक मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबात, रोपांसाठीच्या वाफ्यात, मी बी फेकू लागलो.

“कोंबड्यांना टाकतोस का रे? हात हलका ठेव.”

मावशींनी दिलेल्या मुठीतलं थोडं बी प्रदर्शनात मांडलं, उरलेलं नाशिकच्याच सिडकोतल्या घरी गॅलरीत जुन्या बादलीत लावलं. आईनं तुळस सरकवून त्याला ऊन दिलं. दिवाळीनंतर चार लोंब्या घेऊन मी सुरगाण्याला गेलो. मावशींनी त्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारून फोल उडवलं.

“मूठ बारकी हाय तुझी,” त्या म्हणाल्या. दाणे कणगीत ओतून त्यांनी शेणाचा गोळा माझ्या हातात दिला. “लिंप आता. फट ठेवू नको.”