ओल्या फडक्यानं पुसलेला शब्द

गुरुजींनी फळा ओल्या फडक्यानं पुसला. बाकीच्यांचं लिहिलेलं ते डस्टरनं पुसत. माझं पाण्यानं.

यवतमाळची शाळा. नववीचा वर्ग. आमच्या वस्तीतली मी एकटी. छप्पन साली बापानं घरातले देव वाघाडी नदीच्या पाण्यात सोडले, तो बुद्धाला शरण गेला. त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गुरुजींच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

इतिहासात मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा, धडा चालू होता. तिथल्या चित्रलिपीचं नाव हायरोग्लिफ, हा ग्रीक शब्द, अर्थ शोधून आणा, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी शाळेतल्या जाड कोशात पाहिला. सगळ्यांत आधी हात माझा वर.

"ये, लिही." पुस्तकातून डोकं न काढताच ते बोलले.

मी लिहिलं. पवित्र कोरीव लेखन.

त्यांनी वर बघितलं. "पवित्र? तुझ्या हातून?" वर्ग हसला. मग फडकं भिजलं. मग त्यांनी अर्थ सांगितला. तोच. माझाच. वर म्हणाले, "तिकडंही देवळातले पुरोहितच लिहीत. ज्याचं काम त्यानंच करावं."

सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी वही मिटली.

संध्याकाळी बाप जिनिंगातून आला, केसांत कापूस घेऊन. मी सांगितलं. तो चुलीपुढं बसला.

"उद्या जाशीन शाळेत?"

"जाईन."

"अन् मंग?"

"लिहीन."

दुसऱ्या दिवशी न बोलावता उठले. तेच शब्द लिहिले. मोठ्या अक्षरात.

"पूस ते!"

"नाही पुसत. चुकलं असन तर दाखवा."

छडी तळहातावर बसली. मी हात मागं घेतला नाही. मग हेडमास्तरांची खोली. बापाला कामावरून बोलावलं, दारातच उभं केलं.

"पोरीला समजवा. माफी मागू द्या, विषय संपला."

"लिहिलेलं चूक हाय का, सायेब?"

"प्रश्न तो नाही."

बाप माझ्याकडं वळला. "तूच सांग बाई."

"नाही मागत."

शाळेतून नाव कमी झालं. वर्ष गेलं. माय रडली, शेजारी म्हणाले, "एवढा ताठा कायले?" मॅट्रिक मी बाहेरून दिली.

अजून डोकं शांत नाही. होऊही देत नाही. कोणी म्हटलं, हे लेखन पवित्र आहे, की मी आधी ते वाचते. मग विचारते, कोणी लिहिलं? कोणाला लिहू दिलं नाही? उत्तर मिळेपर्यंत उठत नाही. हात जोडत नाही. कोणापुढंच जोडणार नाही.